सनमायकाच्या जुन्या बेसिन-कपाटावर रंग टिकतो का?

प्रश्न असा आहे: ठाण्यातल्या फ्लॅटमध्ये बेसिनखाली बारा वर्षांचं तीन फुटी कपाट आहे. प्लायवर क्रीम रंगाचा सनमायका, दोन शटर म्हणजे दारं. खालची कड फुगली आहे, बिजागऱ्या गंजल्या आहेत, हँडलांचा मुलामा उडाला आहे. रंगारी म्हणतो, ऑइल पेंट थेट बसेल. सुतार म्हणतो, तोडा आणि नवं करा. कोणाचं ऐकावं?

दोघांचंही अर्धंच ऐका. सनमायकावर रंग टिकतो, पण थेट मारलेला ऑइल पेंट टिकत नाही. आणि आतला प्लाय शाबूत असेल तर कपाट तोडायचं काही कारण नाही. बेसिनखालच्या कपाटाचा रंग समोरून उडणाऱ्या पाण्याने सहसा जात नाही, तो मागून जातो. खालच्या उघड्या कडेतून, पाइपसाठी पाडलेल्या भोकातून, हँडलच्या छिद्रातून प्लाय पाणी पितो, फुगतो आणि वरचा रंग ढकलून देतो. म्हणून या कामातला मोठा वेळ रंगाचा डबा उघडण्याआधी जातो, आणि तो जायलाच हवा.

आधी कपाट कशाचं आहे ते बघा. एका शटरची बिजागरी काढा. तिच्या वाटीसाठी पाडलेल्या गोल खळग्यात टॉर्च मारा. एकावर एक थर दिसले तर प्लाय. दाबलेल्या पुठ्ठ्यासारखा गुळगुळीत तपकिरी भाग दिसला तर एमडीएफ. लाकडाचे तुकडे चिकटवल्यासारखं दिसलं तर पार्टिकल बोर्ड. शेवटचे दोन प्रकार पाण्याने एकदा फुगले की वाळल्यावरही मूळ जाडीवर येत नाहीत. फुगवटा कडेच्या अर्ध्या इंचापुरता असेल तर कापून भरता येतो, त्याहून आत गेला असेल तर ती फळी बदलावीच लागते. प्लाय असेल तर फुगलेल्या जागी स्क्रू ड्रायव्हरचं टोक दाबा. टोक जेमतेम रुतलं तर दुरुस्ती शक्य आहे. लोण्यासारखं आत गेलं, किंवा थर बोटाने सुटे होत असतील, तर तेवढा भाग मेला. कुठे प्लायवर शिक्का दिसला तर तोही वाचा. ७१० म्हणजे मरीन दर्जा, त्याचे थर सहसा सुटत नाहीत. ३०३ च्या शिक्क्यात साधा एमआर (मॉइश्चर रेझिस्टंट) प्लायही येतो. त्यातला गोंद सतत ओल सोसत नाही. आत कुठे पिठासारखी भुकटी किंवा मातीच्या नळ्या दिसल्या तर भुंगा किंवा वाळवी आहे, आणि तिथे रंगाचा विचारच सोडा.

फक्त तळाची फळी गेली असेल तर तेवढीच काढून १८ मिमीचा डब्ल्यूपीसी (लाकूड-प्लास्टिक मिश्रणाचा) बोर्ड बसवून घ्या. तो पाण्याने फुगत नाही. त्याच्या कडेत स्क्रू मात्र प्लायइतका घट्ट धरत नाही, म्हणून आधी बारीक छिद्र पाडून जाड आट्यांचे स्क्रू वापरायला सांगा.

पाणी कुठून येतंय ते शोधा

फुगलेली कड म्हणजे गळती आहे किंवा होती. कपाट रिकामं करा, सगळे सांधे कोरडे पुसा आणि तळाशी वर्तमानपत्र पसरा. बेसिनचं भोक बंद करून ते वरच्या ओव्हरफ्लोच्या भोकापर्यंत भरा, मग एकदम सोडा. नुसता नळ चालू ठेवून बारीक गळती दिसत नाही, पाण्याचा भार लागतो. आता टिश्यू पेपरचा कोरडा तुकडा प्रत्येक सांध्याला टेकवा: वेस्ट कपलिंग म्हणजे बेसिनच्या भोकात बसवलेली नळी, तिच्याखालचा रबर, बॉटल ट्रॅप म्हणजे त्याखालच्या बाटलीसारख्या भांड्याच्या दोन्ही चक्र्या, अँगल कॉक म्हणजे भिंतीवरच्या छोट्या नळाची मान, कनेक्शन पाइपची दोन्ही टोकं. जिथे कागद ओला होईल तिथला वायसर बदला. टेफ्लॉन टेप अँगल कॉकच्या आट्यांवर लागते. रबराच्या वायसरवर टेप गुंडाळली तर सांधा उलट जास्त गळतो.

ओव्हरफ्लो असलेल्या बेसिनला हाफ थ्रेड कपलिंग लागतं, कारण त्याच्या बाजूला पाणी आत घेणारी खाच असते. तिथे फुल थ्रेड, म्हणजे खाच नसलेलं, बसवलं असेल तर ओव्हरफ्लोच्या पोकळीत उतरलेल्या पाण्याला बाहेर पडायला जागा राहत नाही, ते तुंबतं आणि हळूहळू सांध्यातून झिरपतं. ही चूक बऱ्याच घरांत सापडते, आणि दर वेळी ट्रॅप बदलूनही गळती थांबत नाही ती यामुळेच.

बेसिनच्या ओट्याचा आणि भिंतीचा सांधाही बघा. तिथलं सिलिकॉन काळं पडून सुटलं असेल तर दर वेळी तोंड धुताना थोडं पाणी भिंतीवरून कपाटाच्या पाठीमागे उतरतं.

गळती थांबल्यावर शटर काढून कपाट किमान पाच ते सात दिवस उघडं वाळू द्या. बाथरूमच्या दाराबाहेर टेबल फॅन ठेवून आत वारा सोडलात तर छान. हेअर ड्रायरने घाई करू नका, उष्णतेने सनमायकाखालचा गोंद सुटतो. शक्य असेल तर हे काम दिवाळीनंतर किंवा उन्हाळ्यात काढा. कोकणपट्टीत आणि मुंबई-ठाण्यात जून ते सप्टेंबर लाकूड आतून वाळत नाही, आणि हार्डनर घातलेल्या पीयू (पॉलियुरेथेन) रंगात हवेतली ओल मिसळली की बुडबुडे धरतात.

कडा, पुट्टी आणि घासणं

शटर काढताना प्रत्येकावर डावं-उजवं आणि वरची बाजू पेन्सिलने लिहा. बिजागऱ्या, हँडल, चुंबकी खटके सगळं काढा. बिजागरीवर रंग चढला की तिचा सांधा अडकतो.

नवीन हँडल याच वेळी आणा, रंगकाम झाल्यावर नको. जुन्या हँडलची दोन छिद्रं मध्यापासून मध्यापर्यंत मोजा. बाजारात ९६, १२८ आणि १६० मिमीची हँडलं सहज मिळतात. जुनं हँडल चार इंची असेल तर अंतर साधारण १०२ मिमी येतं, आणि ९६ चं नवीन त्यावर बसत नाही. पाच-सहा मिमीचा हा फरक रंग झाल्यावर कळला तर तयार शटरवर पुट्टी भरायची वेळ येते. आधी कळला तर जुनी छिद्रं लाकडी खुंटी आणि गोंदाने बुजवून, वर पुट्टी ओढून पुढे जाता येतं.

फुगलेल्या कडेवरचा सनमायका सुटला असेल तर तो मोडू नका. पातळ पत्रीने, म्हणजे पुट्टी लावायच्या पट्टीने, उचला, आतली भुकटी झाडा, पूर्ण वाळू द्या. मग सनमायका चिकटवायचा रबरी गोंद, ज्याला दुकानात एसआर म्हणतात, दोन्ही बाजूंना पातळ लावा. दहा-पंधरा मिनिटं थांबा. बोट लावल्यावर ओलं न लागता नुसतं चिकट लागलं की दाबून बसवा. ओला असतानाच दाबला तर थिनर आत अडकतो आणि महिन्याभरात तिथे फुगा येतो.

कडेचे सडलेले तंतू खरवडून काढा आणि खड्डा दोन भागांच्या इपॉक्सी पुट्टीने किंवा गाडीच्या पत्र्याला वापरतात त्या पॉलिएस्टर पुट्टीने भरा. भिंतीची पांढरी पुट्टी इथे चालत नाही. ती सिमेंटची असते, लाकडाबरोबर हलत नाही म्हणून तडकते, आणि तिच्यातला क्षार ऑइल पेंटला आतून खातो. खडूच्या भुकटीची पुट्टी, जिला रंगारी लांबी म्हणतात, तीही कोरड्या खोलीतल्या दारासाठी ठीक आहे, बेसिनखाली नाही.

आता या सगळ्या कामातली सर्वांत महत्त्वाची पायरी. प्लायच्या जेवढ्या उघड्या कडा आहेत, म्हणजे तळाची फळी खालून, शटरची खालची आणि वरची कड, पाइपची भोकं, पाठीच्या फळीची किनार, त्या सगळ्यांवर पातळ इपॉक्सी किंवा पीयू सीलर ब्रशने पाजा. पहिला हात काही मिनिटांत शोषला जाईल. वाळला की दुसरा, आणि तरीही खरखरीत लागलं तर तिसरा. बोट फिरवल्यावर कड काचेसारखी लागली पाहिजे. शटरची खालची कड कोणाला दिसत नाही, म्हणून रंगारी ती सोडून देतो, आणि पोपडा पहिल्यांदा तिथूनच सुटतो. तुमच्या कपाटाची कड फुगली तीही अशीच. ती कधी बंदच केली नव्हती.

मग धुणं. बाथरूममधल्या सनमायकावर साबणाचा थर, बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग आणि खोबरेल तेल असतं. हात शटरला लागत राहतात, त्यामुळे हँडलच्या आसपास तर तेल हमखास. आधी भांड्याच्या साबणाचं कोमट पाणी आणि नायलॉनची घासणी, पांढऱ्या डागांवर व्हिनेगर, मग साध्या पाण्याने दोनदा पुसणं, आणि वाळल्यावर थिनरचं फडकं. फडक्याची बाजू सतत बदला, नाहीतर तेल फक्त इकडून तिकडे सरकतं. जुनं सिलिकॉन पत्रीने मुळापासून काढा. त्याचा अंशही राहिला तर रंग तिथे जमत नाही, माशाच्या डोळ्यासारखी गोल खळी पडते.

सनमायकाचा वरचा थर मेलामाइनचा असतो. तो काहीच शोषत नाही, म्हणून रंगाला पकड मिळते ती ओरखड्यांमुळे आणि योग्य प्रायमरमुळे. १८० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा, मग २४० ने. चकाकी पूर्ण मेली पाहिजे. टॉर्च पृष्ठभागाला समांतर धरा. जिथे चमक दिसेल तिथे परत. पण तपकिरी कागद दिसू लागेपर्यंत खाली जाऊ नका, तो थर पाणी पितो. खरबरीत पोताच्या सनमायकावर कागद फक्त उंचवट्यांवर चालतो, खोबणीसाठी नायलॉनची घासणी वापरा. नाकावर एन९५ मास्क असू द्या, रुमाल पुरत नाही.

प्रायमर आणि रंग

तुमचा रंगारी ज्याला वूड प्रायमर म्हणतो, तो कोऱ्या लाकडासाठी असतो. तो लाकडात मुरतो. सनमायकात मुरायला जागाच नाही, म्हणून वाळल्यावर नखाने चादरीसारखा निघतो. तुम्हाला दोन भागांचा इपॉक्सी प्रायमर हवा, किंवा डब्यावर लॅमिनेट, टाइल, काच अशा गुळगुळीत पृष्ठभागांसाठी आहे असं स्पष्ट लिहिलेला पकड-प्रायमर. हार्डनरचं प्रमाण डब्यावर असेल तेच घ्या, अंदाजाने नको. कमी पडला तर प्रायमर कधीच पूर्ण कडक होत नाही. जेवढं लागेल तेवढंच मिसळा, उरलेलं मिश्रण काही तासांत डब्यातच दगड होतं. एक पातळ, सलग हात द्या आणि रात्रभर वाळू द्या.

पुढे जाण्याआधी एक चाचणी कराच. शटरच्या मागच्या बाजूला, बिजागरीजवळ, ब्लेडने दोन-दोन मिमीवर सहा उभ्या आणि सहा आडव्या रेघा ओढा. त्यावर चिकटपट्टी घट्ट दाबून झटक्यात ओढा. चौकोन जागेवर राहिले तर पकड आहे. पट्टीवर आले तर घासणं किंवा धुणं कमी पडलं. रंगाचे दोन हात झाल्यावर हे कळण्यापेक्षा आज कळलेलं बरं.

रंगात तीन पर्याय खरे. ऑइल एनॅमल स्वस्त आणि टणक, पण वास दोन-तीन दिवस राहतो आणि पांढरा रंग बंद कपाटाच्या आत पिवळा पडतो, कारण उजेड नसला की तेलाचा रंग जास्त पिवळतो. पाण्याचा (वॉटर-बेस्ड) एनॅमल पिवळा पडत नाही, वास कमी आणि ब्रश पाण्याने धुता येतो. घरात स्वतः करायचं असेल तर मी हाच सांगेन. दोन भागांचा पीयू सगळ्यांत टिकाऊ, पण तो फवाऱ्याने मारतात आणि त्याच्या हार्डनरची वाफ फुप्फुसांना घातक असते. छोट्या बंद बाथरूममध्ये तो मारूच नका. हवाच असेल तर शटर काढून वर्कशॉपमध्ये द्या. ड्युको म्हणजे एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकर दमट जागी पांढरट होतो, भिंतीचा इमल्शन मऊ राहतो. दोन्ही नकोत.

किती लागेल ते मोजा. दोन शटर, प्रत्येक दीड बाय दोन फूट, दोन्ही बाजू धरून १२ चौरस फूट. दोन बाजूच्या फळ्या मिळून ६, तळ बाहेरून साडेचार, चौकट आणि कडा साधारण दोन. म्हणजे जवळपास २५ चौरस फूट. दोन हातांचे ५० झाले. एनॅमल एका लिटरमध्ये एका हाताला साधारण शंभर चौरस फूट जातो, म्हणून ५०० मिलीचा डबा काठावर पुरतो. कपाट आतूनही रंगवणार असाल किंवा गडद रंगाला तिसरा हात लागणार असेल तर एक लिटर घ्या. प्रायमर २५० मिली भागतो. सोबत चार इंची बारीक फोमचा रोलर आणि दीड इंची चांगला ब्रश.

गडद निळा आणि बाटली हिरवा चित्रात सुंदर दिसतात, पण बोअरचं पाणी असेल तर प्रत्येक थेंब पांढरा डाग ठेवतो. शिवाय गडद छटेत रंगद्रव्य जास्त असल्याने ती कडक व्हायला उशीर लागतो. मधला राखाडी, मातकट हिरवा किंवा वाळूचा रंग, अर्धचकाकीत, पुसायलाही सोपा आणि डाग लपवणारा.

शटर आडवी ठेवा, खाली बाटल्यांची चार झाकणं. आधी मागची बाजू, मग पुढची. कोपरे आणि कडा ब्रशने, सपाट भाग रोलरने, आणि शेवटी रोलर न दाबता एकाच दिशेने हलका ओढा. अर्धवट सुकलेल्या रंगावर परत ब्रश फिरवला की ओरखडे कायमचे राहतात, एखादी जागा सुटली असेल तर पुढच्या हाताला घ्या. पाण्याच्या एनॅमलला दोन हातांत चार ते सहा तास, ऑइलला पूर्ण रात्र. मध्ये ३२० ने हलकं घासून धूळ ओल्या फडक्याने टिपा. ऑइल पेंटचा जाड हात कच्च्या हातावर चढवला की वरची साय सुकते, खालचं ओलं राहतं आणि सुरकुत्या पडतात. तसं झालं तर पूर्ण वाळवून खरवडण्याशिवाय इलाज नाही.

हाताला कोरडा लागला म्हणजे रंग पक्का झाला असं नाही. शटर आठवडाभर बसवू नका, बसवल्यावर आणखी दोन-तीन आठवडे ओल्या फडक्याने घासू नका. कच्च्या रंगाची शटर चौकटीवर दाबून बंद राहिली की चिकटतात, आणि उघडताना रंगाचा तुकडा निघून येतो. शटरच्या कोपऱ्यांत आतून छोटे रबरी ठिपके लावा.

बिजागऱ्या आणि हँडल

बिजागरीची वाटी जवळपास सगळीकडे ३५ मिमीची, म्हणून खळगा तोच राहतो. फरक असतो बाकात, ज्याला दुकानात क्रँक म्हणतात. शटर चौकटीची फळी पूर्ण झाकत असेल तर शून्य क्रँक, अर्धी झाकत असेल तर आठ, आणि शटर चौकटीच्या आत बसत असेल तर सोळा क्रँक मागा. दुकानात जुनी बिजागरी नेऊन बाक जुळवून घेणं सगळ्यांत सोपं. धातू ३०४ स्टेनलेस घ्या. चुंबकाने फक्त लोखंड ओळखू येतं, २०२ हा स्वस्त स्टेनलेस सुद्धा चुंबकाला धरत नाही, म्हणून नुसत्या त्या चाचणीवर ३०४ चे पैसे देऊ नका, धातूचा दर्जा पॅकवर छापलेला बघा. रत्नागिरी, मालवण, गोवा किंवा मुंबईत समुद्रालगत राहणाऱ्यांच्या ३०४ वरही खाऱ्या हवेने तांबूस डाग येतात. ते अधूनमधून पुसून काढावे लागतात.

जुनी स्क्रूची छिद्रं सैल झाली असतील तर बांबूच्या काड्या गोंदात बुडवून ठोका, दिवसभर वाळवा, टोकं कापा आणि अडीच मिमीने नवीन छिद्र पाडा. स्क्रू १६ मिमीपेक्षा लांब नको. १८ मिमीच्या प्लायमध्ये लांब स्क्रू पुढच्या रंगात फोड काढतो.

हँडलसाठी पुठ्ठ्याचा साचा कापा म्हणजे दोन्ही शटरवर उंची एक येईल. पाच मिमीच्या बिटने, मागे लाकडाचा तुकडा दाबून, पुढून मागे छिद्र पाडा. तसं न केल्यास मागचा रंग पापडासारखा उडतो. शटरची जाडी प्लाय आणि दोन्ही सनमायका मिळून २० मिमी, म्हणून २५ मिमी लांबीचा एम४ (चार मिमी जाडीचा) बोल्ट बरोबर बसतो. बोल्ट घालण्याआधी छिद्राच्या आतून रंग किंवा सीलर फिरवा. हे एका मिनिटाचं काम आहे आणि बहुतेकजण विसरतात. बेसिनखाली गोल मुठीपेक्षा लांब हँडल बरं. ओले, साबणाचे हात धातूवर राहतात, मुठीभोवती नखं रंगालाच लागतात.

सगळं बसवल्यावर शेवटी सिलिकॉन. ते न्यूट्रल आणि बुरशीरोधक घ्या. व्हिनेगरसारखा वास येतो ते सिलिकॉन नवीन धातू गंजवतं आणि संगमरवरी ओट्यावर डाग पाडतं. ओटा-भिंतीचा सांधा आणि पाइपभोवतीची फट बंद करा, पण पाठीच्या फळीला वरच्या बाजूला एक जाळीचं भोक हवा खेळायला ठेवा. एक दिवस पाणी लागू देऊ नका.

दोन शटरमधली फट तीन मिमी ठेवा. बिजागरीवरच्या एका स्क्रूने शटर डावं-उजवं सरकतं, दुसऱ्याने पुढे-मागे, आणि फळीवरच्या पट्टीच्या स्क्रूंनी वर-खाली.

आणि संडास धुण्याच्या आम्लाची बाटली या कपाटात परत ठेवू नका. झाकण घट्ट असलं तरी वाफ येत राहते आणि स्टेनलेसच्या बिजागऱ्याही काही महिन्यांत तपकिरी पडतात. बारा वर्षांत तुमच्या गंजल्या त्याचं एक कारण बहुधा हेच असेल. ती बाटली उघड्या हवेत ठेवा, ब्लीचिंग पावडरपासून दूर.